जवाब आणि जबाबदारी

कागद, कलम, दौत, हजेरी हे शाळेतले शब्द मराठीने फारसीच्या वाटेने घेतले. ‘जबाबदारी’ हा शब्दही त्याच वाटेने आला. उर्दूत आम्ही ‘जवाबदेही’ म्हणतो, मराठीत ‘जबाबदारी’ म्हणतात. दोन्हींच्या पोटात शब्द एकच आहे, ‘जवाब’. ज्याला विचारता येते आणि ज्याला जवाब द्यावा लागतो, तो जबाबदार. आमच्या पेशात या दोन गोष्टी आजवर कधी वेगळ्या झाल्या नव्हत्या. वर्गात एखाद्या मुलीने शंका विचारली, उस्तादाने उत्तर दिले आणि ते चुकीचे निघाले, तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन समोर उभी राहते : “सर, काल तुम्हीच असे सांगितले होते.” ‘तुम्हीच सांगितले होते’ या शब्दांवर शिक्षणाची सारी इमारत उभी आहे. सांगणारा माणूस उद्याही त्याच वर्गात येणार असतो, म्हणून त्याच्या सांगण्याला वजन असते.

गेल्या काही वर्षांत मात्र जवाब एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे, अशी फाटाफूट होऊ लागली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. पुढे चारच महिन्यांत, मार्च २०२३ मध्ये, ‘खान अकॅडमी’ या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रसिद्ध मंचाने ‘खानमिगो’ नावाचा चॅटबॉट आणला. या अकॅडमीची गोष्ट बोलकी आहे. तिचे संस्थापक सलमान खान (सिनेमातले नव्हेत, अमेरिकेत जन्मलेले, वडिलांकडून बांगलादेशी मुळाचे) यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका मुलीला दूरच्या शहरातून फोनवर गणित शिकवायला सुरुवात केली. मग आणखी भावंडे आली, मग व्हिडिओ आले, मग जगभरची मुले आली, आणि शेवटी व्हिडिओच्या शेजारी बोलणारे यंत्र येऊन बसले. फोनवरच्या त्या पहिल्या मुलीला ठाऊक होते की पलीकडे कोण आहे. आज यंत्राला प्रश्न टाकणाऱ्या मुलीला ते ठाऊक नाही, कारण पलीकडे कोणीच नाही.

आपल्याकडे ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ हे सरकारी मंच २०१७ पासून आहेत. ‘बालभारती’च्या उर्दू पुस्तकांवरही क्यूआर कोड छापलेला असतो, तो स्कॅन केला की धड्याशी जोडलेले साहित्य फोनवर उघडते. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा ज्यांच्या घरी फोन होता त्यांना या खिडकीचा आधार झाला, ज्यांच्या घरी नव्हता त्यांचे वर्षच बुडाले. आता जगभर अशा मंचांवर धड्याच्या शेजारी शंका सोडवणारा चॅटबॉट बसवण्याची लाट आहे. तो बसवता येतो का, हा प्रश्न इंजिनिअरांनी सोडवलेला आहे. तो बसवावा का, आणि बसवला तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न अखलाकचा आहे, नीतीचा आहे. तो आम्हा शिक्षकांना टाळता येणार नाही.

प्रथम त्या मुलाची बाजू मांडली पाहिजे, ज्याला या यंत्राची खरोखर गरज आहे. भिवंडी, मालेगाव यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत उर्दू शाळेत येणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा. अब्बा मागावर बारा तासांची पाळी करून येतात, अम्मीचे शिक्षण चौथी-सातवीपर्यंत झालेले, मोठा भाऊ शाळा सोडून मागावर लागलेला. रात्री दहा वाजता बीजगणिताचे उदाहरण अडले तर या मुलाने कोणाला विचारावे? शिकवणी लावायला पैसे नाहीत. मुलगी असेल तर मगरिबनंतर शिकवणीला जाणे हाच घरात वादाचा विषय. वर्गात साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा धड येत नाही. त्यातून हात वर करून “समजले नाही” म्हणण्याची लाज वेगळीच. मागच्या बाकावरची किती मुले दहा वर्षे शाळेत येतात आणि एकही शंका न विचारता दहावीला बसतात! शंका विचारणे ही आपल्या समाजात ऐपतवाल्यांची चैन होऊन बसली आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहून शिक्षणजगताला विचारात पाडले होते. एका मुलाला एक शिक्षक अशी शिकवणी मिळाली, तर त्या गटातला सरासरी विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. नंतरच्या संशोधकांना एवढा मोठा फरक आढळला नाही. पण मुलाकडे एकट्याकडे लक्ष देणारा कोणी असला की ते अधिक शिकते, याविषयी दुमत नाही. ब्लूम यांचा खरा प्रश्न पैशांचा होता : प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्या समाजाला परवडणार? चॅटबॉटवाले म्हणतात, हे घ्या त्याचे उत्तर.

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गरज आहे, ती भाषेची. दहावीपर्यंत मूल विज्ञान उर्दूत शिकते. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, त्याला ते ‘जियाई तालीफ’ म्हणते. त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणते. अकरावी सायन्सला गेले की एका रात्रीत जियाई तालीफची ‘फोटोसिंथेसिस’ होते आणि मुसल्लसचा ‘ट्रँगल’ होतो. हुशार मुले इथे विषयाला अडत नाहीत, शब्दाला अडतात, आणि कित्येक सायन्स सोडून देतात. या मुलाने रोमन लिपीत, घरच्या मिसळीच्या बोलीत, स्पेलिंगच्या दहा चुका करून विचारले तरी यंत्र हसत नाही, कंटाळत नाही. पाचव्यांदा विचारले तरी “काल कुठे होतास?” म्हणत नाही. ही सोय आम्ही कोणत्या तोंडाने नाकारणार? ज्याच्या घरी विचारायला माणूस आहे, त्याने यंत्राला तुच्छ म्हणणे सोपे आहे.

तेव्हा यंत्र नको, असा निकाल आम्ही देत नाही. आपल्या समाजाला तर असे निकाल घाईने देण्याची किंमत ठाऊक आहे. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्याला छपाई सुरू झाली. उस्मानी सल्तनतीत इब्राहिम मुतफर्रिका यांना तुर्की पुस्तके छापण्याची परवानगी १७२७ मध्ये मिळाली आणि पहिले पुस्तक १७२९ मध्ये निघाले; त्यातही धार्मिक पुस्तके वगळण्याची अट होती. लाऊडस्पीकर आला तेव्हा नमाजमध्ये तो वापरावा की नाही, यावर आपल्या उलेमांत किती वाद झाला! आज तो वाद सांगितला तर पोरे हसतात. नव्या साधनाला भिणे हे दीनदारीचे लक्षण नव्हे.

पण साधन काय आहे हे न समजता त्याच्या हाती मूल सोपवणे हेही शहाणपणाचे नाही. हे यंत्र जाणून बोलत नाही. अफाट मजकुरावरून त्याला शब्दांच्या सवयी लावलेल्या असतात. या शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येईल, याचा हिशेब करत ते वाक्य पुढे नेते. त्यामुळे वाक्य नेहमी सफाईदार येते. ते खरे असेलच असे नाही. खऱ्या आणि खोट्या वाक्याची सफाई सारखीच असल्यामुळे मुलाला फरक कळायला मार्ग राहत नाही. मास्तर चाचरतात, डोके खाजवतात, “थांब, पुस्तक बघून सांगतो” म्हणतात. त्या चाचरण्यातूनही मूल काही शिकत असते : ही गोष्ट पक्की आहे, ती कच्ची आहे. यंत्र मात्र पुष्कळदा कच्चेही पक्क्याच्याच सुरात सांगते.

आणि माणूस यंत्रावर भरवसा फार लवकर ठेवतो. हे नव्या पिढीचे खूळ नव्हे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलायझा’ नावाचा छोटासा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही जे टाइप कराल तेच थोडे फिरवून तो प्रश्न म्हणून परत विचारी. त्यापलीकडे त्यात काही नव्हते. तरी त्यांच्याच सेक्रेटरीने, हा प्रोग्राम आहे हे माहीत असून, त्याच्याशी बोलताना वायझेनबाऊम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. जाणत्या बाईची ही गत, तर तेरा वर्षांच्या मुलाला दोष कसा द्यावा? ज्याच्याशी दिवसभर कोणी नीट बोलत नाही, ते मूल गोड बोलणाऱ्याला आपला मानणारच.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवणे भाग आहे. हदीसच्या इल्ममध्ये मजकुराइतकेच महत्त्व ‘सनद’ला आहे. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून. साखळीतल्या प्रत्येक माणसाचे नाव, त्याची स्मरणशक्ती, त्याचा खरेपणा तपासला जाई. साखळीतली एक कडी अज्ञात निघाली तर सुंदरातली सुंदर रिवायतही ‘जईफ’ ठरे. शब्द कितीही चांगला असो, त्याच्यामागे उभा राहणारा माणूस कोण, हा प्रश्न मुहद्दिसांनी कधी सोडला नाही. चॅटबॉटच्या उत्तराला अशी सनद नसते. काही यंत्रे आता उत्तराखाली दुवे देतात, ते चांगलेच. पण तो दुवा उघडून त्यात खरोखर तेच लिहिले आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

तसे न पाहिल्याचा परिणाम न्यूयॉर्कच्या एका कोर्टात जगाने पाहिला. विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून जुने निवाडे काढून कोर्टापुढे ठेवले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते; नावे, तारखा, मजकूर सगळे यंत्राने रचलेले. हे निवाडे खरे आहेत का, असे वकिलाने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने “हो” म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. तो यंत्राला केला नाही, वकिलांना केला. जवाब यंत्राचा, जबाबदारी माणसाची, हा या निकालाचा सरळ अर्थ. वकील पदवीधर होते, तीस-तीस वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही यंत्र फसवून गेले. आठवीच्या मुलाने असेच काही वहीत उतरवले, तर दंड कोण भरणार? तो मूलच भरते. परीक्षेत, आणि परीक्षेनंतरच्या आयुष्यात.

इमाम मालिक यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. त्यांना एकदा ४८ मसले विचारण्यात आले, त्यांपैकी ३२ मसल्यांवर त्यांनी एवढेच म्हटले : “ला अद्री.” मला माहीत नाही. मदीनेचा एवढा मोठा इमाम दोन तृतीयांश प्रश्नांवर हात वर करतो, आणि त्यामुळे त्यांची किंमत घटली नाही, उरलेल्या सोळा उत्तरांची किंमत वाढली. चांगला उस्ताद मुलाला ज्ञान देतो, तशी अज्ञानाची हद्दही दाखवतो. जे यंत्र मुलांसमोर बसवायचे आहे, त्याला ‘ला अद्री’ म्हणता येते का? हा प्रश्न आम्ही पहिला विचारू. त्याला किती येते, हा नंतरचा.

सनद नसलेल्या मजकुराचा आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या मुलांना जास्त आहे. यंत्राने जे वाचले तेच ते बोलणार; आणि जगाने आपल्याविषयी काय-काय लिहून ठेवले आहे हे सांगायला नको. २०२१ मध्ये अबूबकर आबिद, माहीन फारुकी आणि जेम्स झू या संशोधकांनी त्या वेळच्या जीपीटी-३ या यंत्राला एक अर्धे वाक्य दिले : दोन मुसलमान अमुक ठिकाणी शिरले, आणि पुढचे तू पूर्ण कर. १०० वेळा हे केले, त्यांत ६६ वेळा यंत्राने हिंसेचे वाक्य जोडले. मुसलमानांच्या जागी दुसऱ्या धर्माचे नाव घातले की हे प्रमाण कितीतरी खाली येई. त्यानंतरची यंत्रे बरीच सुधारली, हे मान्य. पण सुधारणा झाली ती कोणीतरी बसून मोजले म्हणून. मंचावर चॅटबॉट बसवताना उर्दू शाळेतल्या मुलाच्या नावाने, त्याच्या मोहल्ल्याच्या नावाने, त्याच्या भाषेत प्रश्न विचारून कोणी पाहणार आहे का? उर्दूची तर अडचण दुहेरी आहे. आपली वर्तमानपत्रे आणि पुस्तके वर्षानुवर्षे इनपेजमध्ये नस्तालिकात जुळवली गेली आणि इंटरनेटवर चित्र म्हणून चढवली गेली. माणसाला ती वाचता येतात, यंत्राला ती मजकूर म्हणून सहज मिळत नाहीत. म्हणजे आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले यंत्राने पुष्कळ वाचले, आपण लिहिलेले त्या मानाने थोडे.

आता मेहनतीचा प्रश्न. समजा, यंत्राचे उत्तर शंभर टक्के खरे आहे. तरी ते मुलाला द्यावे का?

तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात सुमारे हजार मुलांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधा चॅटबॉट दिला. दुसऱ्या गटाला असा दिला, की तो उत्तर सांगत नाही, शिक्षकांनी घालून दिलेल्या खुणांनुसार फक्त इशारे देतो. तिसऱ्या गटाकडे नेहमीचे पुस्तक आणि वही. सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, इशारेवाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतले आणि परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवाली मुले पुस्तक-वहीवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारेवाल्या गटाचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही.

या प्रयोगाचे मर्म समजायला आपल्याला तुर्कस्तानला जायची गरज नाही. रमजानमध्ये तरावीहला उभे राहिलेल्या प्रत्येकाने ते पाहिले आहे. हाफिज कुराण पढत असतो आणि मागे ‘सामे’ ऐकत उभा असतो. हाफिज अडखळला तर सामे लगेच तोंड उघडत नाही. तो क्षणभर थांबतो. हाफिजला आपोआप आठवते का, याची वाट पाहतो. नाहीच आठवले, तर विसरलेला शब्द तेवढा देतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. एक घास द्यायचा, पुढचे जेवण त्याने आपल्या हाताने जेवायचे. सामेने पुढची सगळी आयत स्वतःच पढून टाकली तर नमाजमध्ये गोंधळ होईल, आणि तो हाफिज कधी पक्का होणार नाही. तालीम म्हणजे वेळेवर दिलेला लुकमा. कधी द्यायचा, किती द्यायचा आणि कधी हात मागे घ्यायचा, यात उस्तादाची सारी हुन्नर आली. साधा चॅटबॉट विचारताक्षणी पूर्ण दस्तरखान मांडतो. मूल जेवल्यासारखे दिसते आणि उपाशी उठते.

खरे तर हा आजार चॅटबॉटने आणलेला नाही. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांनी तो आपल्याकडे केव्हाच आणला. फळ्यावर उत्तर लिहायचे, मुलांनी ते उतरवायचे, पाठ करायचे आणि पेपरात ओतायचे, ही रीत या पेशात सगळ्याच माध्यमांत रुजलेली आहे. जे शिक्षण केवळ उत्तरे पुरवते, त्याची जागा यंत्र घेणारच. आणि घेतली तर तक्रार करायला जागा उरत नाही. यंत्र स्वस्त आहे, रात्री जागते आणि रजा मागत नाही. शिक्षकाकडे यंत्राहून वेगळे काही असेल तर ते एवढेच, की तो मुलाला ओळखतो. आज फर्जानाने डबा आणला नाही, सलीमच्या अब्बांचा माग बंद पडला आहे, म्हणून आजचे उदाहरण त्याला सुटत नाही, हे त्याला ठाऊक असते. हे ठाऊक असूनही तो त्याला सोडत नाही, उद्या पुन्हा विचारतो. तरबियत म्हणतात ती हीच.

म्हणूनच आम्हाला खरी भीती यंत्राची वाटत नाही, त्याच्या निमित्ताने होणाऱ्या हिशेबाची वाटते. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळेत चॅटबॉट येईल तो शिक्षकाच्या जोडीला. तिथे पंचवीस मुलांना एक शिक्षक, समुपदेशक, घरी शिकलेली आई, आणि वर यंत्र. आमच्या वस्तीत तो येईल तेव्हा कोणीतरी म्हणेल, आता गणिताच्या शिक्षकाची जागा भरण्याची घाई काय आहे, मंचावर चॅटबॉट आहे ना! श्रीमंताच्या मुलाला यंत्र आणि मास्तर, गरिबाच्या मुलाला मास्तरांऐवजी यंत्र. साधन एकच, पण एका घरी ते भर घालते आणि दुसऱ्या घरातून हक्क काढून नेते. यातला अन्याय यंत्रात नाही, वाटणीत आहे.

आणि ते यंत्र उद्या बंद पडले तर? लॉस एंजलिसच्या शाळामंडळाने, जे अमेरिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शाळामंडळ आहे, मार्च २०२४ मध्ये ‘एड’ नावाचा चॅटबॉट मोठ्या थाटात आणला. प्रत्येक मुलाचा सोबती म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, तो बनवणाऱ्या कंपनीने पैशांअभावी बहुतेक नोकरांना घरी बसवले आणि एड बंद झाला. त्याच्याशी बोलणारी मुले मात्र होती तिथेच राहिली. एवढे धनवान शाळामंडळ हा धक्का सोसते, कारण त्याचे शिक्षक जागेवर असतात. जिथे यंत्र आले म्हणून शिक्षकच नेमला नाही, तिथे काय उरते?

दुसरी गोष्ट अमानतीची. मूल गणित विचारता-विचारता मनातलेही बोलून जाते. घरातली भांडणे, भीती, कधी जिवावर उदार झाल्याची भाषा. उस्तादाच्या कानी पडलेली अशी गोष्ट अमानत असते. तो ती चव्हाट्यावर नेत नाही, आणि गरज असेल तिथे गप्पही बसत नाही, घरी जाऊन येतो. यंत्राला सांगितलेली गोष्ट कोठे साठते, कोण वाचते, तिचे पुढे काय होते? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण ज्या अम्मीला फोनवरचा इंग्रजी मजकूर वाचता येत नाही, तिने हिरव्या बटणावर ठेवलेल्या बोटाला संमती म्हणायचे का? ती समजावून सांगणे हे कोणाचे तरी काम असले पाहिजे, आणि त्याला नाव असले पाहिजे.

सारांश, आमचे म्हणणे असे. शिक्षणमंचावर चॅटबॉट जरूर यावा, ज्या मुलाला रात्री विचारायला कोणी नाही त्याच्यासाठी आधी यावा. पण तो लुकमा देणारा असावा, दस्तरखान मांडणारा नसावा. मुलाने स्वतः काय करून पाहिले हे विचारल्याशिवाय त्याने तोंड उघडू नये. जे पक्के माहीत नाही तिथे त्याने ‘ला अद्री’ म्हणावे आणि पाठ्यपुस्तकाचे पान दाखवावे. उर्दू, मराठी अशा प्रत्येक माध्यमात, ते माध्यम शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्याची उत्तरे तपासलेली असावीत. मुलाचे दुःख कानी आले तर त्याने बोलत न बसता माणसाला बोलवावे. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाचे नाव त्या खिडकीशी जोडलेले असावे, ज्याच्याकडे मूल दुसऱ्या दिवशी वही घेऊन जाऊ शकेल. आणि त्याच्या नावावर शिक्षकाची एकही जागा कमी होऊ नये. यांतली एकही अट इंजिनिअरला अशक्य नाही. त्या महाग आहेत, एवढेच. पण आपल्या मुलांच्या वाट्याला स्वस्त तेच का यावे?

या अटी मान्य होईपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. मुले यंत्राला विचारणारच आहेत. मंचावर नाही तर मोठ्या भावाच्या फोनवर विचारतील. विचारू द्यावे. फक्त वर्गात एक रीत पाडावी. यंत्राकडून आणलेले प्रत्येक उत्तर वहीत लिहिताना त्याच्याखाली सनद लिहायची : हे कोठून घेतले, पुस्तकाच्या कोणत्या पानाशी ताडून पाहिले, कोणाला विचारून खात्री केली. जे ताडता आले नाही त्याच्यापुढे ‘जईफ’ असा शेरा मारायचा. पाचवीच्या मुलालाही हे जमते. “हे तुला कोणी सांगितले?” हा प्रश्न विचारायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला कोणत्याही यंत्रापुढे बसवायला हरकत नाही. ते मूल जवाब घेईल, आणि त्याची जबाबदारीही.